मडक्यातलं खरेदीखत

ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की नाशिकमध्ये एकच प्रश्न फिरतो: पाणी दुतोंड्याच्या कुठवर आलं? किती हजार क्युसेक सोडलं तो आकडा बातम्यांत असतो, पण आकड्यावरून जिवाला काही उमगत नाही. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, हे मात्र शाळकरी पोरालाही समजतं. गळ्याशी आलं की सराफ बाजारातली आणि भांडी बाजारातली माणसं माल वरच्या मजल्यावर हलवायला लागतात. 2008च्या सप्टेंबरात, 2016च्या आणि 2019च्या ऑगस्टमध्ये शहराने पूर असाच मोजला.

दुःखालाही असं माप लावता येतं. पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक पुस्तक नेमकं तेच काम करतं, आणि ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ते फार कमी उघडलं जातं: विलापगीत. पाच अध्याय, 154 वचनं. सावकाश, मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या तासात संपतं. बाबेलचा (बॅबिलॉनचा) राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने इ. स. पूर्व 587-86च्या सुमारास यरुशलेम पाडलं आणि मंदिर जाळलं, त्या राखेतून आलेल्या या पाच कविता. परंपरा त्या यिर्मया संदेष्ट्याच्या नावावर लावते. पुस्तकात कवीचं नाव नाही. यहूदाचा राजा सिद्कीया याच्या नवव्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात वेढा पडला आणि अकराव्या वर्षाच्या चौथ्या महिन्यात तट फुटला. दीड वर्ष शहर आतल्या आत उपाशी मरत होतं. हे कालमान मनात ठेवूनच पुस्तक वाचायला घ्यावं.

पुस्तकाची बांधणी मराठी भाषांतरात दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगावी लागते. हिब्रू वर्णमालेत अक्षरं 22. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात 22 कडवी आहेत आणि प्रत्येक कडवं ओळीने पुढच्या अक्षरापासून सुरू होतं. तिसऱ्या अध्यायात एकेका अक्षराला तीन-तीन वचनं मिळतात, म्हणून तिथे 66. पाचव्यात वचनं पुन्हा 22, पण अक्षरांचा क्रम सुटलेला. दम संपलेल्या माणसाने मोजणं सोडून द्यावं तसा. मराठीत म्हणायचं तर हे 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंतचं रडणं. काही सांगायचं राहू नये याची तजवीज त्यात आहे, आणि 'ज्ञ'च्या पुढे अक्षर नाही याचीही. ज्याला शेवटचं अक्षर आहे त्या दुःखाला काठ असतो.

आणि कवी मोघम रडत नाही. पाचव्या अध्यायात तो हिशेबच मांडतो: आमचंच पाणी आम्ही पैसे देऊन पितो, आमचंच सरपण विकत घेतो, आमची घरं परक्यांच्या ताब्यात गेली, उपासमारीने आमची कातडी भट्टीसारखी तापली, म्हातारी माणसं वेशीपाशी बसायची थांबली, तरुणांचं गाणं-बजावणं बंद पडलं. येवला, नांदगाव, सिन्नरकडे एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला विकतच्या पाण्याची ओळ कुणी समजावून सांगावी लागत नाही. पहिल्या अध्यायात एक तक्रार पाच वेळा परत येते: सांत्वन करणारा कोणी नाही. तिसऱ्यात कवी म्हणतो, त्याने माझे दात खड्यांवर फोडले, मी हाका मारतो तरी तो माझी प्रार्थना बाहेरच अडवतो. हे देवाविषयी, देवाच्याच पुस्तकात लिहिलेलं आहे आणि कुणी ते खोडलं नाही.

याच तिसऱ्या अध्यायातली 22 आणि 23 ही दोन वचनं मात्र आपल्या घराघरांत आहेत. कॅलेंडरवर, फ्रेममध्ये, लग्नपत्रिकेच्या डोक्यावर. आशय असा की आपण पार संपून गेलो नाही ती परमेश्वराची दया, त्याच्या करुणेला खंड नाही, ती रोज सकाळी नवी होते, त्याचा विश्वासूपणा मोठा आहे. वचन खरं आहे. पण त्याच्या आधीची 21 वचनं कापून ते भिंतीवर टांगलं की त्यातलं बळ निघून जातं. मग मूल गमावलेल्या घरात ते ऐकवलं जातं, समोरचं माणूस मान हलवतं, आणि त्याचं मन मिटतं.

मूळ क्रमाने वाचलं तर काय घडतं ते पाहा. पहिल्या 17 वचनांत कवी परमेश्वराचं नावच घेत नाही. नुसतं 'त्याने'. त्याने मला अंधारात चालवलं, त्याने माझ्याभोवती भिंत बांधली, तो माझ्यासाठी दबा धरून बसलेलं अस्वल झाला. अठराव्या वचनात नाव पहिल्यांदा तोंडी येतं, तेही हे सांगायला की परमेश्वराकडून असलेली माझी आशा संपली. आशा संपल्याचं सांगताना नाव घेतलं गेलं, आणि तिथूनच कविता वळते. एकोणीस-वीसमध्ये कडू दवणा आणि विष यांची आठवण, एकविसाव्यात 'हे मी मनात आणतो म्हणून मला आशा आहे', आणि मग वर्णमालेतलं आठवं अक्षर, 'हेत'. या अक्षराची तीन वचनं तीन शब्दांनी उघडतात: हेसेद म्हणजे करारातली अढळ दया, हदाशीम म्हणजे नव्या, आणि हेल्की म्हणजे माझा वाटा. हा तिसरा शब्द जमिनीच्या वाटणीतला आहे. वंशावंशाला जमीन वाटली गेली तेव्हा याजकांना वाटणी मिळाली नाही. तुमचा वाटा मीच, असं परमेश्वराने त्यांना सांगितलं होतं. ज्याचं शेत, घर, शहर सगळं गेलं आहे तो माणूस म्हणतो, माझ्या नावावर अजून एक उतारा आहे.

विश्वासूपणासाठी इथे मूळ शब्द आहे एमुना. त्याचा अर्थ घट्टपणा, न ढळणं. निर्गम या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात अमालेक्यांशी लढाई चालली असताना मोशेचे हात वर आहेत तोवर इस्राएलाची सरशी होते आणि हात खाली आले की माघार. हात भरून येतात. तेव्हा त्याला दगडावर बसवून अहरोन आणि हूर दोन बाजूंनी हात धरून ठेवतात, आणि ते सूर्यास्तापर्यंत 'एमुना' राहतात. न पडलेले हात. कवी देवाबद्दल हाच शब्द वापरतो तेव्हा त्याला गोड भावना म्हणायची नसते. राख झालेल्या शहरात तो सांगतो की वरचे हात पडलेले नाहीत.

पण मग शहर जळलंच का? इथे पुष्कळ प्रवचनं घाई करतात, आणि माझ्या मते सगळी गडबड या घाईतच होते. विलापगीत शिक्षेला शिक्षाच म्हणतं. दुसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनात ते स्पष्ट लिहितं की परमेश्वराने जे ठरवलं होतं ते केलं, फार पूर्वी सांगितलेला शब्द पुरा केला. ते पूर्वीचं सांगणं म्हणजे लेवीय या पुस्तकाचा सव्विसावा आणि अनुवाद या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय. देवाने इस्राएलाशी करार केला तेव्हाच त्यात अटी होत्या: मोडलात तर दुष्काळ, वेढा, देशोधडी, आणि तुम्ही जमिनीला जो विसावा दिला नाही तो ती तुमच्या माघारी घेईल. जमीन पड ठेवण्याचं मोल शेतकऱ्याला ठाऊक असतं. इथे तिला तो हक्क कराराने दिला होता आणि माणसांनी लाटला होता. त्याच सव्विसाव्या अध्यायाच्या 44व्या वचनात मात्र आणखी एक अट आहे: ते शत्रूच्या देशात असले तरीही मी त्यांचा इतका तिटकारा करणार नाही की त्यांचा पुरता नाश करून माझा करार मोडीन.

म्हणजे शिक्षा आणि दया एकाच दस्तातल्या आहेत. शिक्षेचं कलम लागू झालं याचा अर्थ दस्त रद्द झालेला नाही, तो अजून अंमलात आहे. ज्याला आपण नावावरून काढून टाकलं, त्याच्यावर आपण कराराचा दावा लावत नाही. कवीने दुसऱ्या अध्यायात हा शब्द पुरा होताना पाहिला, म्हणून तिसऱ्यात तो दुसऱ्या शब्दावर भार टाकू शकला. धमकी खरी करणारा देव वचनही खरं करणार.

शिक्षा खरी असते तेव्हा तिच्यावर आरोपपत्र असतं, आणि ते मोघम नसतं. यिर्मयाचा चौतिसावा अध्याय उघडा. वेढा पडलेला आहे. सिद्कीया राजा आणि सरदार मंदिरात करार करतात की आपले इब्री दास-दासी मोकळे करायचे. वासराचे दोन तुकडे करून त्यांमधून चालत जातात. दास सुटतात. तेवढ्यात मिसरचं, म्हणजे इजिप्तचं, सैन्य निघाल्याची बातमी येते, बाबेलवाले वेढा उठवून तिकडे वळतात, आणि संकट टळलं असं वाटताच हे लोक सोडलेल्या त्याच माणसांना पुन्हा पकडून दास करतात. परमेश्वर म्हणतो, तुम्ही त्यांना मोकळं ठेवलं नाही, तर मी तुम्हाला तलवार, मरी आणि दुष्काळ यांच्यासाठी मोकळं करतो. काय केलं, केव्हा केलं, कुणाशी केलं, सगळं नोंदलेलं आहे.

हा अध्याय नाशिकमध्ये वाचताना शरणपूर आठवल्याशिवाय राहत नाही. 1850च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या या वस्तीत अरबी समुद्रातल्या गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणून ठेवली जात. इथे ती लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1873 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये होता, आणि एप्रिल 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांमध्येही. पुढे इथले बरेच आफ्रिकन मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वस्तीत गेले. आज शरणपूर रोडवरून जाताना दुकानं आणि दवाखाने दिसतात. नावातलं 'शरण' कुणाच्या लक्षात येत नाही. यिर्मयाच्या काळात दास परत पकडले गेले म्हणून शहर पडलं, आणि इथे सोडवलेल्यांना राहायला गाव मिळालं. न्याय आणि आसरा हे एकाच देवाचे आहेत, एवढं या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की दिसतं.

आता सगळ्यात नाजूक भाग. प्रत्येक दुःख म्हणजे शिक्षा नव्हे, आणि आरोपपत्र हातात नसताना कुणाच्या दुःखाला शिक्षा म्हणणं हे पाप आहे. प्रभू येशूला लोकांनी अशा घटनांबद्दल विचारलं तेव्हा त्याने शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या 18 माणसांचा दाखला दिला: ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असं वाटतं का? नाही. जन्मांधाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? दोघांचंही नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, ते त्यांचं सगळ्यात चांगलं काम. तोंड उघडल्यावर त्यांनी शिक्षेचा सिद्धांत मांडला, आणि शेवटी परमेश्वराने सांगितलं की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब बोलला तसं यथार्थ तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर भांडत होता!

निफाड, दिंडोरीकडच्या मंडळ्यांमध्ये द्राक्षवेलाचा दाखला फार चालतो, तो साहजिकच आहे, पण तो नीट चालवायला हवा. द्राक्षबागेत वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी: मागच्या हंगामाच्या सगळ्या काड्या एक-दोन डोळ्यांवर (फूट निघते त्या गाठींवर) कापायच्या. बाग ऐन उन्हात उघडीबोडकी, नुसते ओलांडे, म्हणजे वेलाचे आडवे हात, दिसतात. नवीन फूट सात-आठ पानांवर आली की शेंडा खुडायचा, म्हणजे सबकेन, बाजूची उपकाडी, निघते. आणि साधारण चाळिसाव्या दिवसापासून पुढच्या काही आठवड्यांत, काडीच्या डोळ्याच्या आत, सूक्ष्म घडनिर्मिती होते. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत आभाळ ढगाळ राहिलं, पानांची गर्दी होऊन काडीला ऊन मिळालं नाही, किंवा नत्र जास्त पडून वेल नुसता माजला, तर घड आत तयारच होत नाहीत. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी झाली की डोळे फुटतात आणि तेव्हा कळतं उन्हाळ्यात आत काय झालं होतं. गोडी छाटणीनंतर काढणीपर्यंत साधारण चार-साडेचार महिने.

योहानाच्या पंधराव्या अध्यायात पिता हा माळी आहे आणि फळ देणाऱ्या फाट्याला तो साफ करतो, असं म्हटलंय. छाटणीची दोन लक्षणं बागाईतदाराला माहीत असतात. छाटणारा डोळे मोजून कात्री चालवतो, आणि छाटून झाल्यावर तो बाग सोडून जात नाही. उलट सगळ्यात जास्त राबतो तो त्याच दिवसांत. ज्या त्रासात अशी मोजून मारलेली कात्री दिसते, म्हणजे आपलाच एखादा माज, लबाडी, कुणाचा दाबून ठेवलेला पैसा बोट ठेवून दाखवला जातो, तिथे तिला छाटणी म्हणावं. स्वतःपुरतं.

गारपिटीला छाटणी म्हणू नये. फेब्रुवारी-मार्चमध्ये साखर भरलेल्या मण्यांवर दहा मिनिटं गारा पडल्या आणि बाग झोडपली गेली, कर्जाचा हप्ता तोंडावर आला, अशा घरात जाऊन 'देव तुमची छाटणी करतोय' म्हणणाऱ्याला ना शेती कळली ना शास्त्र. तिथे म्हणायचं ते विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायाच्या 33व्या वचनात आहे: तो मनुष्यांना मनापासून दुःख देत नाही. हिब्रूत शब्दशः 'त्याच्या अंतःकरणातून' नाही. हे वचन पुस्तकाच्या साधारण मध्यावर येतं, आणि मला ते पुस्तकाचं आतडं वाटतं.

अशा घरात विलापगीत घेऊन जायचंच असेल तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. मृत्यू ताजा असेल तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच वाचू नये. चहा-पाणी बघावं, दफनाची धावपळ वाटून घ्यावी, रात्री कोण सोबत थांबणार ते ठरवावं. 'सांत्वन करणारा कोणी नाही' या पाच वेळच्या तक्रारीचं पहिलं उत्तर म्हणजे माणूस दारात येणं. वाचायची वेळ आली की तिसरा अध्याय एक ते चोवीस, मध्ये न थांबता, न समजावता वाचावा. तीन-चार मिनिटं लागतात. बाविसाव्यापासून सुरुवात करू नये, आणि बाविसाव्याला आवाज चढवू नये. ज्या आवाजात अस्वलाची ओळ वाचली त्याच आवाजात ही वाचावी. वाचून झाल्यावर गप्प बसावं. बऱ्याचदा सगळं बिघडतं ते यानंतरच्या दोन मिनिटांत, कारण शांतता सहन न होऊन कुणीतरी 'देवाची इच्छा' म्हणून टाकतं.

पूर, पीक बुडणं, कारखाना बंद पडणं अशा सगळ्या वस्तीवर आलेल्या संकटात तिसरा नव्हे, पाचवा अध्याय घ्यावा. तो सगळा 'आम्ही'मध्ये आहे. उपासनेत पाळकसाहेबांनी एक वचन आणि मंडळीने पुढचं, असा वाचता येतो. त्यानंतर जे गेलं त्याची नावं घ्यावीत: इतकी घरं, इतके एकर, अमक्या गल्लीतली शाळा. कवीने पाणी आणि सरपण सांगितलं, आपणही तितकंच नेमकं सांगावं. 'सर्व संकटग्रस्तांसाठी' या दोन शब्दांत प्रार्थना उरकली की बुडालेल्या माणसाला कळतं, यांनी माप घेतलंच नाही.

लांबलेल्या आजारपणासाठी तिसऱ्या अध्यायाची वर्णमालाच उपयोगी पडते. एका दिवशी एक अक्षर, म्हणजे तीन वचनं, 22 दिवस. वही घ्यावी, तारीख टाकावी, तीन वचनं वाचून स्वतःचं एक वाक्य लिहावं, आणि त्याची सुरुवात 'परमेश्वरा' या हाकेने करावी. ही हाक महत्त्वाची. 'मला फार त्रास होतोय' ही नोंद झाली. 'परमेश्वरा, मला फार त्रास होतोय, तू कुठे आहेस' हा विलाप झाला. पहिले सात दिवस जड जातात आणि आठव्या दिवशीच्या वचनांकडे उडी मारावीशी वाटते. मारू नये. आणि आठवा दिवस आला तरी मन हललं नाही तर घाबरू नये. खुद्द कवी त्यानंतरही चौदा अक्षरं रडतो, 44व्या वचनात पुन्हा म्हणतो की तू ढग पांघरून घेतलेस, प्रार्थना आरपार जात नाही. 57व्या वचनात त्याला आठवतं की मी हाक मारली त्या दिवशी तू जवळ आलास आणि म्हणालास, भिऊ नको. अख्ख्या पुस्तकात देवाच्या तोंडचे म्हणून आलेले शब्द एवढेच आहेत. तेही पूर्वी ऐकलेले, आठवणीतले. ज्यांना आपल्या दुःखात देवाचा आवाज येत नाही त्यांनी आपला विश्वास कमी पडला असं मानून घेऊ नये.

पुस्तकाचा शेवटही गोड नाही. आम्हाला तुझ्याकडे फिरव, अशी विनवणी, आणि मग शेवटचं वचन, की तू आम्हाला अगदीच टाकून दिलं आहेस काय. यहुदी परंपरेत अव महिन्याच्या नवमीला, मंदिर पडल्याच्या उपासाच्या रात्री, मंद उजेडात जमिनीवर किंवा बुटक्या आसनावर बसून हे पुस्तक वाचतात आणि शेवटचं वचन झालं की त्याच्या आधीचं विनवणीचं वचन पुन्हा म्हणतात. आपल्याच कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात या उपासाला 'बिरड्याचा सण' असं नाव होतं, वालाच्या बिरड्यावरून. केवढं मोठं दुःख, आणि त्याचं नाव स्वयंपाकघरातलं. हे मला फार योग्य वाटतं. पिढ्यान्‌पिढ्या टिकायचं दुःख असंच ताटात आणून ठेवावं लागतं.

वेढ्याच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायची राहिली. सिद्कीयाच्या दहाव्या वर्षी, म्हणजे शहर पडायच्या जेमतेम वर्षभर आधी, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. बाहेर तटाला चढाईसाठी रचलेले मातीचे मोर्चे लागलेले. त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या ईशान्येला पाचेक किलोमीटरवर. सगळा मुलूख शत्रूच्या टाचेखाली असताना त्या शेताला कोण गिऱ्हाईक मिळणार?

यिर्मयाचा बत्तिसावा अध्याय हा व्यवहार एखाद्या दस्तलेखकाच्या काटेकोरपणे सांगतो. किंमत 17 शेकेल चांदी. एक शेकेल साधारण 11 ग्रॅमचा, म्हणजे सगळी मिळून दोनशे ग्रॅमच्या आतच. ती तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, सही केली, शिक्का मारला, साक्षीदार घेतले. दोन प्रती: एक मोहोरबंद, एक उघडी. उघडी कुणालाही वाचता यावी, आणि तिच्यात कुणी फेरफार केला तर मोहोर फोडून मूळ पाहता यावं. आपल्याकडे तलाठ्याच्या चकरा मारून सातबाऱ्यावर नाव लावून घेतलेल्या माणसाला यातली प्रत्येक पायरी ओळखीची वाटेल. मग हनामेल, साक्षीदार आणि चौकात बसलेले सगळे यहुदी यांच्यासमोर तो दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हाती देतो आणि सांगतो, या मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण परमेश्वर म्हणतो, या देशात घरं, शेतं आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

हे सगळं उरकल्यावर, कागद मडक्यात गेल्यावर, यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि त्या प्रार्थनेत त्याच्या तोंडून निघतं की प्रभो, मोर्चे तटाला भिडलेत, शहर शत्रूच्या हाती गेल्यात जमा आहे, आणि तू मला सांगतोस पैसे मोजून शेत घे! आधी सही, मग शंका. देव रागावत नाही. तो दोन्ही गोष्टी परत सांगतो: हे शहर मी जाळणार आहे, आणि या लोकांना मी परत आणणार आहे.

यिर्मयाने ते शेत पुन्हा कसलं नाही. शहर पडल्यावर उरलेल्या लोकांनी त्याला मनाविरुद्ध मिसर देशात नेलं, आणि तिथल्या त्याच्या शेवटच्या बोलांनंतर त्याचा माग सापडत नाही. त्या मडक्याचं काय झालं तेही शास्त्र सांगत नाही. पण बाबेलचं राज्य बुडाल्यावर, पारसाच्या कोरेश राजाच्या हुकुमाने जे लोक परतले त्यांची यादी एज्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. गावोगावची नावं आणि आकडे, वाचताना डोळे पेंगावेत अशी. तिच्या तेविसाव्या वचनात एक ओळ आहे: अनाथोथची माणसं, 128.